एक कळलेलं, एक न कळलेलं

बीडच्या सरकारी शाळेत मला गणिताच्या मुदर्रिसाची, म्हणजे मास्तराची, जागा मिळाली ती हंगामी. मुआयना, म्हणजे तपासणी, होईपर्यंत शिकवायचं. मग तालीमात खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, मोहतमीमसाहेब येणार, वर्ग पाहणार. त्यांना पटलं तर नोकरी कायम, नाही पटलं तर आपलं गाठोडं बांधायचं. माझं गाठोडं जाणार होतं दिंद्रुडला. तिथं वडिलांच्या भुसार दुकानात थोरल्या भावाच्या शेजारी माझ्यासाठी एक गादी अंथरूनच ठेवलेली होती. ज्वारी-तुरीच्या धुळीनं मला लहानपणापासून शिंका येतात. शिवाय गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मला जमत नाही. मी तापट माणूस. दुकानात बसलो असतो तर वर्षभरात अर्धं गाव शेजारच्या दुकानाला जोडून दिलं असतं. हे वडिलांनाही ठाऊक होतं. तरी निघताना ते म्हणाले, "नोकरी पक्की झाली तर ऱ्हा बीडात. न्हाई झाली तर ये माघारी. हंगामीच्या भरवशावर मला सोयरिकीचं बोलायला लावू नको."

तेव्हा ही नोकरी कायम होणं मला फार गरजेचं होतं. बिंदुसरा नदीच्या काठानं शाळेत जाताना मी तोंडातल्या तोंडात उर्दू शब्द घोकत जायचो. समोरून येणाऱ्या माणसांना वाटायचं, हा कोणीतरी जप करणारा दिसतो.

घोकायचं कारण असं, की माझं शिक्षण नगरला, मराठीत आणि इंग्रजीत झालेलं. इथं निजामाच्या अमलात वरच्या वर्गांतले सगळे विषय उर्दूत. बाजारातली दखनी मला येत होती. पोरांना दम द्यायला तेवढी पुरायची. पण पुस्तकी उर्दू ही वेगळीच चीज. त्रैराशिकाला त्या पुस्तकात जे लांबलचक नाव दिलेलं होतं, ते उच्चारताना माझी जीभ हमखास अडखळायची, आणि मागच्या ओळीतली पोरं खाली मान घालून हसायची.

शाळा दगडी, बसक्या छपराची. पटांगणात एक लिंबाचं झाड. मास्तरांची खोली एकच, आणि तिच्यात खुर्च्या नव्हत्या, जाजम होतं. पाण्याचे माठ दोन होते, हिंदूंचा आणि मुसलमानांचा. सुपारीचा डबा मात्र सगळ्यांत मिळून एकच, तो फारसीच्या मौलवीसाहेबांचा. सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे मुख्य, हैदराबादेहून आलेले होते. उंच, किडकिडीत, आवाज कधीच न चढवणारे. न चिडणाऱ्या माणसाची तापट माणसाला जी धास्ती वाटते ती मला त्यांची वाटायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला शाळेचा कायदा सांगितला. इथं मास्तराचा रिकामा तास रिकामा नसतो. त्या तासाला दुसऱ्याच्या वर्गात जायचं, मागच्या बाकावर पोरांच्या रांगेत बसायचं, पाटी घ्यायची. बोलायचं असेल तर हात वर करायचा. शिकवणाऱ्यानं विचारलं तर पोरांसारखं उत्तर द्यायचं. आणि शाळा सुटल्यावर घरी जाण्याआधी जाजमावर बसून दोनच गोष्टी सांगायच्या: आज एक काय कळलं आणि एक काय नाही कळलं. नावं ठेवायची नाहीत, शाबासकीही द्यायची नाही. न कळलेल्याचं उत्तर ज्याच्याकडं असेल त्यानं द्यायचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तराच्या वर्गात दुसऱ्या मास्तरानं येऊन बसायचं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण काढून बघण्यासारखं झालं. नगरच्या शाळेत प्रत्येक मास्तर आपला वर्ग आपल्या शेतासारखा राखायचा. बांधावर कोणी पाय ठेवला की भांडण. मला तीच रीत मानाची वाटत होती.

त्या कायद्याबद्दल जाजमावर एकमत कधीच नव्हतं. भूगोलाचे मास्तर सदरसाहेबांची पाठ वळली की म्हणायचे, "ह्येनला हेर पायजेत, अन् ते बी बिनपगारी." मराठीचे पंडितजी कायद्याच्या बाजूचे होते, पण त्याचं कारण एवढंच की थंडीत मागच्या बाकावर ऊन यायचं. कवायतीचे जमादार ताठ बसून, डोळे उघडे ठेवून झोपायचे आणि संध्याकाळी न चुकता सांगायचे, "सगळं कळलं." एक न कळलेलं सांगायलाच हवं असा सदरसाहेबांनी आग्रह धरला, की ते विचारात पडायचे आणि म्हणायचे, "कोणता तास होता, ते न्हाई कळलं."

माझ्या वर्गात पहिल्यांदा बसायला आले ते मौलवीसाहेब. पांढरी शुभ्र दाढी, जन्म बीडातला, बोलणं आमच्यापेक्षाही अस्सल गावरान. तास संपेपर्यंत ते पाटीवर मान घालून बसले होते. संध्याकाळी जाजमावर सुपारी कातरत म्हणाले, "मास्तरचं अक्षर लई चांगलं हाय, ते कळलं. पन एक न्हाई कळलं. भागलं की आकडा कमी व्हाया पायजे. तुमी आठाला अर्ध्यानं भागलं, अन् आकडा वाढून सोळा झाला. कावून वाढला?"

मी म्हणालो, "उलटा करून गुणायचं असतं म्हणून."

"ते तुमी केलं, मी बगितलं की. पन कावून?"

मला उत्तर येईना. म्हणजे रीत येत होती, कारण सांगता येत नव्हतं. आजोबांच्या वयाच्या माणसानं सगळ्यांदेखत पागोटं उतरवल्यासारखं वाटलं आणि मी त्या रात्री जेवलो नाही. पण उत्तर तर द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आठ भाकरी काढल्या. म्हटलं, प्रत्येकाला अर्धी अर्धी वाटली तर किती जण जेवतील? "सोला!" असा जो वर्गभर ओरडा झाला, तो ऐकून मी चपापलो. म्हणजे काल ही सगळीच पोरं न कळता मान हलवत होती. विचारायची छाती एकट्या मौलवीसाहेबांना झाली होती.

त्यांचं न कळणं नेहमी नेमकं तिथंच असायचं जिथं पोरांचं असायचं. मी चिडायचो, आणि दुसऱ्या दिवशी चांगलं शिकवायचो. हे दोन्ही महिनोन् महिने चालू राहिलं.

माझा पहिला रिकामा तास आला तेव्हा मी सदरसाहेबांना तोंडावर सांगितलं, की यात मास्तराची अब्रू राहत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आप फारसी में बैठिए. आपकी उर्दू वहीं से दुरुस्त होगी." मी रागारागानं जाऊन बसलो. बाक इतका ठेंगणा, की गुडघे छातीला लागले. मौलवीसाहेब एक ओळ फारसीत वाचायचे, तिचा अर्थ उर्दूत सांगायचे आणि ज्याला तेही झेपलं नाही त्याला बीडच्या मराठीत. एकदा त्यांनी मला अर्थ विचारला. मला आला नाही.

"उभं ऱ्हावा, मास्तर," ते शांतपणे म्हणाले.

मी उभा राहिलो. पोरांना तर दिवाळी. घंटा होईपर्यंत मी कान लाल करून उभा होतो आणि मनात राजीनामा लिहीत होतो. पण दुसऱ्या दिवशी तीच ओळ पाठ करून गेलो, आणि त्यांनी मला विचारलंच नाही! थंडी सरता सरता माझ्या लक्षात आलं, की त्रैराशिकाचं ते लांबलचक नाव मी न अडखळता म्हणून जातो आणि मागची पोरं हसत नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नाही. जाजमावर कायद्याविरुद्ध माझं बोलणं चालूच होतं. सवय लागली होती.

मग मुआयन्याची खबर आली. मोहतमीमसाहेब नवे, हैदराबादेहून नुकतेच बदलून आलेले. त्यांना आमच्यातल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. शुक्रवारची सुट्टी झाली की शनिवारी येणार. त्याच आठवड्यात धारूरहून एक नवे मुदर्रिसही आमच्याकडं रुजू व्हायचे होते. चुना लागला, पटांगण झाडलं गेलं, मी एका ओळखीच्याकडून शेरवानी मागून आणली. ती खांद्यात घट्ट होती. फळ्यावर हात वर नेला की काखेत कुरकुरायची.

भूगोलाच्या मास्तरांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तुमच्या वर्गात म्हातारा मौलवी पोरांत पाटी घिऊन बसलेला साहेबानं बगितला, की संपलं. म्हनंल, ही शाळा हाय का तमाशा? आमी कायम हावोत, आमचं काय जातंय? तुमी दिंद्रुडची गाडी ठरवून ठिवा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी सदरसाहेबांकडं गेलो, हात जोडले, की मुआयन्यापुरता माझ्या वर्गात मागं कोणी बसवू नका. ते म्हणाले, "जो रोज़ करते हैं, वही दिखाएँगे." आवाज नेहमीसारखाच होता. भांडायला जागाच नव्हती.

मौलवीसाहेबांच्या कानावर हे गेलं असावं. त्यांनी डबा पुढं केला आणि हळूच म्हणाले, "घाबरू नका. साहेब आले की माज्या पोटात दुखंल. मी हितंच जाजमावर सुपारी कातरीत बसतो. सदरसाहेबाला बोलू नका." त्या माणसाला मी महिनोन् महिने मनात शिव्या घातल्या होत्या. मला भरून आलं, आणि भरून आलेलं दाखवता येत नाही म्हणून मी सुपारी नको म्हणालो.

हे बुधवारी. गुरुवारी सकाळी मी, अंगवळणी पडावी म्हणून ती शेरवानी घालूनच, वर्गात होतो; मौलवीसाहेब मागं पाटी घेऊन बसले होते. दारात एक गृहस्थ आले. शेरवानी धुळीनं भरलेली, जोडे चिखलात बुडवून काढल्यासारखे, कपाळावर घाम. ते म्हणाले, "मैं..."

"हाँ हाँ, मालूम है," मी म्हणालो. धारूरचे नवे मुदर्रिस, दुसरं कोण? मोठे साहेब यायचे तर पुढं चपराशी, मागं कारकून. "घंटी होऊन किती वेळ झाला! पहला दिन और इतनी देर? पीछे बैठिए."

त्यांनी परत तोंड उघडलं.

"बोलना हो तो हाथ उठाइए," मी म्हणालो. "यहाँ का क़ायदा है."

ते मुकाट्यानं मागं गेले. मौलवीसाहेबांनी सरकून जागा दिली, हातात पाटी दिली. मी त्रैराशिक पुढं चालवलं. चार गडी एका शेताची काढणी सहा दिवसांत करतात. आठ गडी लावले तर किती दिवस लागतील? पाट्या वर झाल्या. पोरांच्या बहुतेक बरोबर. मौलवीसाहेबांचीही बरोबर, त्यांनी ती दोन्ही हातांनी उंच धरली होती. नव्या गृहस्थांच्या पाटीवर बारा.

माझा पारा चढला. "अजी, आदमी बढ़े तो दिन भी बढ़ते हैं? तुमच्या धारूरात बढ़ते होंगे! यहाँ आदमी बढ़े तो काम जल्दी निपटता है."

वर्ग खो खो हसला. मौलवीसाहेब त्यांच्याकडं झुकून कुजबुजले, "मनाला लावून घिऊ नका. माजं बी असंच व्हायचं." गृहस्थांनी पाटी पुसली आणि हात वर केला. मी मान हलवली. त्यांनी विचारलं, की कुठलं गणित सरळ आणि कुठलं उलट, हे ओळखायचं कसं?

प्रश्न चांगला होता. माझा राग गेला. मी म्हणालो, खडू हातात घेण्याआधी मनाला विचारायचं: उत्तर वाढणार की घटणार? मन शेतात नेऊन उभं करायचं, गडी डोळ्यांसमोर आणायचे, आणि मगच आकड्यांना हात लावायचा. एका पोराला उठवून मी त्याच्याकडून दुसरं गणित करवून घेतलं, मग तिसरं. मला उर्दूत बोलतोय याचीही शुद्ध नव्हती. इतका चांगला तास मी त्या शाळेत तोवर घेतला नव्हता.

तेवढ्यात आमचा चपराशी पळत आला. "मास्तर, साहेब आजच आले! सदरसाहेबाच्या खोलीत बशिवलंय, शरबत दिलंय!"

पाठोपाठ दारात सदरसाहेब दिसले. त्यांच्याबरोबर कोरी करकरीत शेरवानी आणि डोक्यावर दस्तार, म्हणजे पागोटं, घातलेले एक गृहस्थ होते, पण ते थरथरत होते. सदरसाहेब म्हणाले, "ये साहब फरमाते हैं कि धारूर से आए हैं. मुदर्रिस हैं. चपरासी ने ज़बरदस्ती मेरी कुर्सी पर बिठा दिया." मग त्यांची नजर मागच्या बाकाकडं गेली.

मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी हात वर केला.

"अब बोल सकता हूँ?" त्यांनी मला विचारलं.

वेशीबाहेर त्यांच्या दमणीचा, म्हणजे बैलगाडीचा, आस मोडला होता. कारकून आणि चपराशी सामान राखत तिथंच थांबले होते आणि मोहतमीमसाहेब नदी उतरून एकटे चालत आले होते. शनिवारची वाट कशाला बघायची, असं त्यांच्या मनात आलं होतं. सदरसाहेबांनी त्यांना खोलीत चला म्हटलं, तर ते म्हणाले, "घंटी नहीं हुई," आणि बसून राहिले. उरलेला तास मी कसा घेतला ते मला सांगता येणार नाही. शेरवानी मात्र सारखी कुरकुरत होती एवढं आठवतं.

दिवसभर ते इतर वर्ग पाहत फिरले. मी जाजमाच्या कोपऱ्यात बसून मनात गाठोडं बांधत होतो: दोन धोतरं, एक सतरंजी, पुस्तकं. भावाच्या शेजारची गादी, तुरीची धूळ, वडिलांचं गप्प बसणं, सगळं दिसत होतं. भूगोलाचे मास्तर दारात आले आणि मला पाहून मागं फिरले. ते मागं फिरणंच जास्त लागलं. मौलवीसाहेबांनी डबा पुढं केला. या वेळी मी सुपारी घेतली.

शाळा सुटली. मोहतमीमसाहेब मास्तरांच्या खोलीत आले. चपराशी कुठूनतरी खुर्ची घेऊन धावला, पण साहेब जोडे काढून जाजमावर बसले. आम्ही सगळे अवघडून गुडघ्यावर हात ठेवून बसलो. त्यांनी विचारलं, शाळा सुटल्यावर तुम्ही सगळे घरी का जात नाही? सदरसाहेबांनी कायदा सांगितला, मागच्या बाकापासून न कळलेल्यापर्यंत सगळा.

"म्हणजे बाकावर बसला त्यानं सांगायचंच?" साहेबांनी उर्दूत विचारलं.

"जी."

"मग आज मीही बसलो होतो."

साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "एक गोष्ट कळली. माणसं वाढली की काम लवकर निपटायला पाहिजे. आमच्या दफ्तरात मी आजवर उलटंच पाहत आलो. दोनाचे चार कारकून झाले की सहा दिवसांचं काम बारा दिवस चालतं. मी पाटीवर लिहिलं ते अनुभवानं लिहिलं."

पहिल्यांदा हसले ते भूगोलाचे मास्तर. मग जमादार, मग सगळे. सदरसाहेबांचेही ओठ हलले. मी मात्र हसू शकलो नाही, कारण दुसरी गोष्ट अजून यायची होती.

साहेब माझ्याकडं वळले. "और एक बात नहीं समझा. ऐसा पढ़ाने वाला आदमी अब तक हंगामी क्यों है?"

मी खाली जाजमाकडं बघत राहिलो. डोळे भरले होते आणि ते पुसायला हात वर न्यावा तर शेरवानी कुरकुरणार होती. सदरसाहेब त्यांच्या त्या न चढणाऱ्या आवाजात म्हणाले, "यहाँ का क़ायदा है, हुज़ूर. जवाब जिसके पास हो, वही दे."

"दूँगा," साहेब म्हणाले, आणि जोडे घालायला उठले.

साहेबांनी बारा चुकून लिहिले की मुद्दाम, यावर पुढं जाजमावर कितीतरी वाद झाले. मौलवीसाहेबांचं ठाम मत होतं, की चुकूनच. शेजारी बसून त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, साहेब बोटं मोजत होते.

नोकरी कायम झाल्याचा हुकूम उन्हाळ्याच्या तोंडावर टपालानं आला. सदरसाहेबांनी तो माझ्या हातात दिला आणि माझा रिकामा तास आहे, हवं तर घरी जाऊन दिंद्रुडला कळवून या, म्हणाले. मी हुकूम घडी करून खिशात ठेवला. कोपऱ्यातली पाटी घेतली आणि फारसीच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर, गुडघे छातीला लावून बसलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. मौलवीसाहेबांनी पुस्तक मिटलं.

"मास्तर, आज तरी ऱ्हाऊ द्या की! जावा, घरला सांगावा धाडा. आज तुमचा दिस हाय."

मी हात वर केला.

"बोला," ते म्हणाले.

"कालची शेवटची ओळ न्हाई कळली, मौलवीसाहेब."

त्यांनी पुस्तक परत उघडलं.